बोलून डायरी: व्हॉइस टायपिंग की साधं रेकॉर्डिंग?
ठाण्याहून ऐरोलीला घरी आले की भाकऱ्या थापता थापता मी डायरी बोलते, हात पिठाचे म्हणून फोन डब्याला टेकवून ओट्यावर. व्हॉइस टायपिंगचा फायदा मोठा आहे, नंतर 'आई' एवढं सर्च केलं तरी सगळ्या नोंदी समोर येतात, पण जरा आठवायला थांबलं की माझ्या फोनचा माईक बंद, मग पिठाच्या बोटाने परत दाबा. रेकॉर्डर थांबत नाही, १२८ केबीपीएसला (रेकॉर्डिंगच्या दर्जाचं सेटिंग) मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो. शोधणं मात्र कटकटीचं. पण परवा मागच्या पावसाळ्यातली नोंद ऐकली, त्यात कुकरची शिट्टी आणि आतून आईची हाक, "अगं, गॅस बारीक कर"... हे टाइप केलेल्यात कुठून येणार? माझं मत रेकॉर्डरलाच, टायपिंग फक्त हिशोबाला.