टाटा की महिंद्रा? गाडी घेण्याआधी कार्बनचा हिशोब

डिझेलची एसयूव्ही लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. दीड लाख किलोमीटर होईपर्यंत ती १०,००० लिटर डिझेल पिते. लिटरभर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका गाडीमागे २७ टन. हा सगळा धूर पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून नाही, आपल्या सायलेन्सरमधून निघतो. कंपनीच्या पर्यावरण अहवालांत तो 'स्कोप ३' खाली येतो, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाबाहेरचं, जसं विकलेल्या गाड्यांचं, उत्सर्जन. कारखान्यात जाळलेलं इंधन स्कोप १ आणि विकत घेतलेली वीज स्कोप २. वाहन कंपनीच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा स्कोप ३ मध्येच असतो.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. पण त्यात स्कोप १ आणि २ चे आकडेच बंधनकारक आहेत, स्कोप ३ ऐच्छिक. वाहन कंपन्यांच्या बाबतीत ही सवलत मला अजिबात पटत नाही. कारखान्याच्या छतावरच्या सोलर पॅनेलचे फोटो पाहून मत बनवू नका, आधी स्कोप ३ चं पान उघडा.

महिंद्राने २०४० पर्यंत कार्बन न्यूट्रल व्हायचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढी भरपाई करायची, हे २०१८ मध्येच जाहीर केलं. त्याआधी, २०१६ मध्ये, स्वतःच्या उत्सर्जनावर टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमतही लावून घेतली. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०३३ चा टप्पा. २०१८ च्या तुलनेत स्कोप १ आणि २ प्रति उत्पादन ४७ टक्के, स्कोप ३ विकलेल्या प्रत्येक वाहनामागे ३० टक्के कमी करायचा, आणि हे उद्दिष्ट सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणाऱ्या संस्थेने तपासून मान्य केलेलं आहे. फक्त 'प्रति' या शब्दाकडे नीट बघा. उत्पादन दुप्पट झालं, तर प्रत्येक नगामागे ४७ टक्के कपात करूनही कारखान्यांचं एकूण उत्सर्जन ६ टक्क्यांनी वाढलेलंच असेल. हवेला एकूण बेरीज कळते, सरासरी नाही.

टाटांचं वचन तीन तुकड्यांत आहे: जेएलआर (टाटांची जग्वार लँड रोव्हर कंपनी) २०३९, प्रवासी गाड्या २०४०, ट्रक-बस २०४५. तिन्हीकडे नेट झिरो, म्हणजे उत्सर्जन शक्य तितकं कमी करून उरलेलं तेवढंच हवेतून काढून घ्यायचं. कारखान्यांची वीज २०३० पर्यंत शंभर टक्के अक्षय स्रोतांतून घ्यायची आहे. जेएलआरचं २०३० चं उद्दिष्ट स्वतःच्या कामकाजातलं उत्सर्जन ४६ टक्के घटवण्याचं आहे, आणि ते एकूण उत्सर्जनावर बेतलेलं आहे, म्हणून जास्त कडक.

दोन्ही अहवाल शेजारी ठेवताना एक घोळ हमखास होतो. महिंद्राच्या आकड्यांत ट्रॅक्टरही आहेत. टाटा मोटर्सच्या ऑक्टोबर २०२५ पूर्वीच्या अहवालांत ट्रक आहेत, कारण ट्रक आणि प्रवासी गाड्यांच्या कंपन्या वेगळ्या झाल्या त्या तेव्हा. नुसते टन बघून कोण स्वच्छ हे ठरवता येत नाही.

विजेवरच्या गाड्यांत महिंद्राने २०१० मध्ये रेवा विकत घेऊन लवकर पाऊल टाकलं होतं. पण रस्त्यावर संख्या दिसली ती टाटांची, २०२० च्या नेक्सॉन ईव्हीनंतर. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. शंभर किलोमीटरला १५ युनिट आणि युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर दीड लाख किलोमीटरला सुमारे १६ टन होतात. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन यात धरलेलं नाही. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, म्हणून हा आकडा इतका मोठा आहे. घरच्या सोलरवर चार्ज केली तर तो खूपच खाली येतो.

शेअर घ्यायचे असतील, तर माझा कल महिंद्राकडे आहे: २०३३ ला जाब विचारता येईल असा टप्पा त्यांनी लिहून दिलाय. गाडी घ्यायची असेल, तर आधी इंधन ठरवा. ईव्ही कुणाचीही घ्या, किंमत आणि जवळचं सर्व्हिस सेंटर बघून. आणि डिझेलच घेणार असाल, तर २०४० च्या कुठल्याही वचनाने तुमचे २७ टन एका किलोनेही कमी होत नाहीत. तिथे छोटी, जास्त ॲव्हरेज देणारी गाडीच निवडा: लिटरला २० देणारी घेतली तर त्याच अंतरात जवळपास ७ टन वाचतात.