कोम्बुचासाठी कोणता चहा? मालवणच्या दमट हवेत दहा महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते, मग पाल्हाळ. समुद्रकाठच्या हवेत घरी कोम्बुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय, लावायचा असेल, तर पिण्याच्या खेपेसाठी निलगिरीचा ऑर्थोडॉक्स (पानं न चिरडता वळवलेला) काळा चहा घ्या, आणि विरजणाची, म्हणजे पुढच्या खेपेला लागणाऱ्या आंबट पाण्याची, बरणी किराणा दुकानातल्या साध्या दाणेदार ममरी चहावर पोसा. दोन बरण्या, दोन चहा. गेल्या ऑक्टोबरपासून या जुलैअखेरपर्यंत पाच प्रकारचे चहा, तीन वेळा फेकून दिलेल्या खेपा आणि पडवीत फुटलेली एक बाटली, एवढं झाल्यावर मी इथवर आले.

सुरुवात पुण्याच्या मावसबहिणीने केली. तिने डब्यात कपभर आंबट पाणी आणि त्यावर तरंगणारी एक गुळगुळीत चकती, म्हणजे स्कोबी, घालून एसटीच्या पार्सलने पाठवली. सासूबाईंनी डब्यात डोकावून विचारलं, "ह्या काय गो? चायचा लोणचा घातलंस?" मी म्हटलं, शहाळ्यातली पातळ मलई असते ना, तसंच समजा. तुलना अगदीच वाया गेलेली नाही. ती चकती सेल्युलोजची असते, आणि फिलिपीन्समध्ये नारळाच्या पाण्यावर याच जातीचे जिवाणू वाढवून नाता दे कोको करतात. पण खरं काम चकतीपेक्षा तिच्याखालचं आंबट पाणी करतं. दह्यावरची साय आणि विरजण यांत जो फरक, तोच इथे. चकती नसली तरी चांगल्या आंबट पाण्यावर आठ-दहा दिवसांत नवी धरते. नुसती चकती घेऊन पाणी विसरलात, तर बुरशीला आमंत्रण.

आत चालतं ते असं. यीस्ट साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, त्यातून थोडं अल्कोहोल आणि वायू निघतो. मग जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल, आणि ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल. साखर हे त्यांचं जेवण. चहातून त्यांना नायट्रोजन आणि बाकीचं बारीकसारीक पोषण मिळतं. म्हणून "चहा फक्त चवीला" असं म्हणून वाटेल ती पूड टाकली, की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विरजण मलूल पडतं.

माझं माप, एक ममरी सोडली तर, पहिल्यापासून एकच ठेवलं, नाहीतर चहांची तुलना कशाशी करणार? १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम चहा आणि मागच्या खेपेचं १५० मिली विरजण. तीन लिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या. पाणी आमच्या विहिरीचं, उकळून. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर पडते, त्या दिवसांत मी ते झाकण न घालता चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळते, कारण क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं तसं बरणीतलेही मारतं. कोणती बरणी कधी लावली, ते कॅलेंडरच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी.

पहिल्या पाच खेपा घरातल्याच चहावर झाल्या. ममरी म्हणजे सीटीसी, पानं चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात विल्यम मॅककर्चर याने काढली, आणि आपला दुधाचा उकळलेला चहा तिच्यावरच उभा आहे. दाणा रंग लवकर सोडतो, कडक उतरतो. आणि तिथेच माझं चुकलं. हाताला सवय चहा उकळायची! ६ ग्रॅम ममरी सात मिनिटं उकळून लावलेली पहिली खेप जिभेला फरशी पुसल्यासारखी लागली. नवऱ्याने एक घोट घेतला आणि काही न बोलता ग्लास मोरीत ओतला. पुढे मी ममरी ४ ग्रॅमवर आणली आणि गॅस बंद करून पाच मिनिटं नुसती भिजत ठेवली, तेव्हा पिण्यालायक झालं. तरी बारीक चुरा गाळणीतून उतरतोच आणि यीस्टच्या साक्यात मिसळून तळाशी चिखल धरतो. पण एक सांगते, चकती सगळ्यात जाड आणि पांढरी धरली ती याच चहावर. म्हणून ममरी पिण्यातून गेली, पण विरजणाच्या बरणीत कायम राहिली. तिथे चवीला कोण विचारतं?

मग आसामचा ऑर्थोडॉक्स मागवला, मोठ्या पानांचा. चवीला भारदस्त, माल्टसारखा वास. थंडीत, म्हणजे आमच्याकडे ज्याला थंडी म्हणतात त्या जानेवारीत, हा चहा छान जमला. सकाळी स्वयंपाकघरात २२ अंश होते, खेप दहा दिवस चालली, आंबटपणा हळूहळू चढला. खोट दोन. एक, काढा निवला की गढूळ होतो. कडक आसाम थंड झाला की त्यातलं कॅफीन आणि चहाची रंगद्रव्यं एकत्र येऊन साका धरतात, त्यात बिघाड काही नाही, पण बाटलीत पाहायला बरं दिसत नाही. दुसरी खोट मार्चमध्ये कळली. काजूचा हंगाम होता, बोंडू परसात सडत होते, म्हणून दुसऱ्या आंबवणीला, म्हणजे तयार कोम्बुचा बाटलीत भरून पुन्हा आंबवताना, बोंडूचा रस घातला. बोंडूत आधीच टॅनिन, म्हणजे तुरटपणा, त्यात आसामचं टॅनिन. दोन दिवस घसा खवखवत होता. बोंडू आणि आसाम एका बाटलीत घालू नका.

दार्जिलिंगबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. ५० ग्रॅमचे ४५० रुपये गेले. पहिल्या तोडीचा चहा, गरम पाण्यात काय सुगंध आला, आठ दिवस आंबवल्यावर त्यातलं काहीही उरलं नाही. उरलेलं पाकीट मी दुपारी एकटीने, दूध-साखर न घालता पिऊन संपवलं आणि ते पैसे वसूल झाले.

हिरव्या चहावर माझा सगळ्यात जास्त जीव होता, आणि सगळ्यात जास्त फजिती त्यानेच केली. ८० अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर कडू. खेप हलकी, पिवळसर, स्वच्छ. पहिल्यांदा केली तेव्हा वाटलं, संपला शोध. पण हा चहा घाईचा. एप्रिल सरता सरता स्वयंपाकघरात दुपारी ३३ अंश व्हायला लागले, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी गोड-आंबट असलेली बरणी पाचव्या दिवशी सकाळी सरळ व्हिनेगर. एक दिवस कणकवलीला लग्नाला गेलो आणि तीन लिटर गेलं. अगदी गेलं असंही नाही, सासूबाईंनी त्याने देवाची समई घासली, झळाळून निघाली. (पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कोम्बुचा का ठेवू नये, हे यावरून कुणालाही कळेल.)

जूनच्या शेवटी हिरव्याची दुसरी तऱ्हा. पावसाची झोड, कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, दाराची फळी फुगली होती. विरजण कमी होतं म्हणून १५० ऐवजी ६० मिलीवर भागवलं, वर बरणीवर बांधलेला फडका पुरता सुकलेला नव्हता. सहाव्या दिवशी चकतीवर हिरवट-निळे कोरडे ठिपके, जुन्या पावावर येतात तसे. चहा फिका आणि विरजण तोकडं, सुरुवातीलाच पुरेसा आंबटपणा नव्हता, बुरशीला रान मोकळं. ती बरणी चकतीसकट माडाच्या आळ्यात ओतली. वरचं काढून खालचं ठेवू, हा मोह सासूबाईंना झाला, लोणच्याला तसं करतात म्हणून. इथे तसं करायचं नाही. आणि उलट, चकतीखाली लोंबणाऱ्या तपकिरी तंतूंना घाबरून चांगली बरणी फेकू नका, ते यीस्ट असतं. बुरशी वर, कोरडी आणि केसाळ दिसते.

निलगिरी खरं तर मी चुकून घेतला. आसाम संपला होता, दुकानात तोच होता. दक्षिणेतल्या डोंगरांवरचा हा चहा निवला तरी नितळ राहतो, म्हणून बर्फाच्या चहाला तो वापरतात. कोम्बुचात त्याचा हाच गुण कामाला येतो. ६ ग्रॅम पानं उकळी आलेल्या पाण्यात गॅस बंद करून सहा मिनिटं, मग गाळून साखर, आणि पूर्ण निवल्यावरच विरजण. रंग मधासारखा. चव आसामइतकी दणकट नाही, हिरव्याइतकी पळपुटी नाही. मुख्य म्हणजे तो मला वेळ देतो. मे महिन्यातही पाचव्या आणि सहाव्या दिवसात एवढा फरक पडला नाही की माझं लक्ष चुकलं तर खेप गेली. आता जुलैत २७ अंशांच्या आसपास आठवा दिवस बरोबर लागतो. मी जिभेवरच जाते. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या आणल्या होत्या, त्या ३च्या जवळपास दाखवतात, पण चहाच्या रंगात पट्टीचा रंग नीट कळत नाही. हिरव्यावर बऱ्या चालतात.

आणि कोकम! मेमध्ये रातांबे आले तेव्हा निलगिरीचं खरं मोल कळलं. ताज्या रातांब्याची सालं, बिया काढून, ७५० मिलीच्या बाटलीत चार-पाच. आसाममध्ये रंग गंजलेल्या लोखंडासारखा झाला होता. निलगिरीत स्वच्छ माणकासारखा लाल. त्या बाटलीनंतर सासूबाईंचं मत फिरलं. आधी "माका नको" म्हणणाऱ्या, आता जेवण झालं की वाटी पुढे करून "आणखी वायच दी". आगळ, म्हणजे कोकमाचा टिकवलेला रस, मात्र घालू नका, त्यात मीठ असतं. आमच्या घरची आमसुलंही मिठाची, म्हणून तीही नाही.

फुटलेली बाटली याच काळातली. हापूसचा रस घातला, गच्च बूच लावलं आणि बाटली दोन दिवस पडवीत विसरले. रसात साखर भरपूर, हवा उकाड्याची. रात्री तीनला असा आवाज झाला की शेजारचे काका बॅटरी घेऊन आले. तेव्हापासून फळ घातलेली बाटली उन्हाळ्यात एक दिवस बाहेर, रोज एकदा बूच सैल करून पुन्हा लावायचं, मग थेट फ्रीजमध्ये. त्यातही लाईट गेली आणि चार तास आली नाही की माझा जीव फ्रीजमध्ये अडकतो.

जे चहा वापरू नयेत त्यांचं थोडक्यात. मसाला चहा, लिंबाचा वास लावलेला, बर्गमॉटचं तेल असलेला अर्ल ग्रे, तुळशी-आलं मिश्रण, यातली सुगंधी तेलं विरजणाला मानवत नाहीत. आमच्या परसात गवती चहाचं बेट आहे, मध्ये उत्साहाच्या भरात तोही लावला होता. तो नावाचाच चहा. ना चहाचं पोषण, वर तेल. दोन खेपांत चकती कागदासारखी झाली. आता दोन पाती दुसऱ्या आंबवणीला बाटलीत घालते, तिथे झकास. साखरेऐवजी गुळाचा प्रयोग एकदा केला, फेस फार आला आणि वास ताडीच्या वळणाने गेला. नवऱ्याला आवडला, मला नाही.

हवेचं म्हणाल तर चिलटं आणि मुंग्या हे आमचे दोन शत्रू. जाळीदार कापडातून चिलट जातं, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या पंचाची दुहेरी घडी आणि वर रबर. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत, आजीच्या गुळाच्या डब्यासारखी. आजीचीच लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणीही होती, फार मोह झाला, पण जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि हे पाणी आम्लाचं. तिच्यात आता मीठ आहे.

खर्च विचाराल तर निलगिरी मला १०० ग्रॅमला २०० रुपयांच्या आसपास पडतो. तीन लिटरला १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे ३६ रुपये. ममरी निम्म्याहून खूप स्वस्त, पण पिण्यातला फरक बघता ही काटकसर मला मान्य नाही.

आमच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतो, ते बाटली बघून मागतात. विकत मी देत नाही, आणि गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर चवीलाही देत नाही. घरच्या आंबवणीत थोडं अल्कोहोल राहतं आणि ते किती, हे मला मोजता येत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे, साखर सगळी संपत नाही, म्हणून त्यांना फक्त वास. कॅफीनही राहतं. सासूबाईंनी एकदा रात्री साडेनऊला ग्लासभर घेतला आणि बारापर्यंत जुन्या भांडणांची उजळणी केली.

सध्या एका बरणीत निलगिरी सहाव्या दिवसावर आहे. हिरव्याचा नाद मात्र सुटलेला नाही, म्हणून निम्मा निलगिरी आणि निम्मा कांगड्याचा हिरवा असं करून बघायचंय. पार्सल चार दिवसांपूर्वी कणकवलीत पोचलंय म्हणतात, पाऊस ओसरला की मालवणात येईल.