गायरानाची एन्ट्री फी: ३,३०० डॉलर

शिकारीला नेतो म्हणणाऱ्या एका गाइडने मला कसं गंडवलं, ते लिहू की नको, यात आठ महिने गेले. बायकोला पूर्ण आकडा बहुधा इथेच कळणार आहे, म्हणून आधी आकडाच सांगतो. ऑगस्टमध्ये डिपॉझिट ८००. सप्टेंबरमध्ये 'रँचची प्रवेश फी' १,२५०. निघायच्या आदल्या आठवड्यात उरलेले १,१००. आणि शुक्रवारी संध्याकाळी गॅस स्टेशनवर रोख १५०, गेटच्या चावीचे. एकूण ३,३०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाख रुपये. त्या चावीचं पुढे येतंच आहे.

'हरणं मारायला गेलास, बरी अद्दल घडली' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून मोकळं व्हावं. आपल्याकडचा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मलाही माहीत आहे, तिकडे मी कधी ससासुद्धा मारलेला नाही. इथे कोलोरॅडोत म्यूल डियरची शिकार राज्य सरकारच ठरवून देतं: कुठल्या युनिटात, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागात, किती, कुठल्या तारखांना, नर की मादी. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज, मग ड्रॉ, म्हणजे सोडत. मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, सोडतीत नंबर लागायला उपयोगी पडणारे पॉइंट दोन वर्षं साठवले आणि २०२४ साली माझ्या नावाचा खराखुरा टॅग, म्हणजे एका हरणाचा परवाना, लागला. तेव्हा मला अगदीच बावळट समजू नका. उलट टॅग खरा होता म्हणूनच बाकीचंही खरंच असणार असं धरून चाललो.

गाइड भेटला सोशल मीडियावर. व्हिडिओ कॉलवर बोलला, हॅट, मागे भिंतीवर शिंगं, सगळं जिथल्या तिथे. एका रजिस्ट्रेशन कार्डाचा फोटोही पाठवला. कोलोरॅडोत पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या आउटफिटरला राज्याकडे नोंदणी लागते आणि ती यादी ऑनलाइन बघता येते. पाच मिनिटांचं काम. मी नवीन टीव्ही घेताना तीन आठवडे रिव्ह्यू वाचणारा माणूस, पण ही पाच मिनिटं काढली नाहीत. त्याचं म्हणणं, तुझ्या युनिटात आमच्या घरची रँच आहे, सरकारी जमिनीवर नुसती गर्दी, आमच्याकडे चारच शिकारी. मला तेच हवं होतं. पहिल्याच वेळी अनोळखी बंदूकवाल्यांच्या गर्दीत कोण जाईल?

आता ती पहाट. २६ ऑक्टोबर, दुसऱ्या रायफल सीझनचा पहिला दिवस, काळोख, त्याचा पिकअप. गेट आलं. इकडची रीत अशी की शेजारी बसलेल्याने उतरून गेट उघडायचं. मी उतरलो. गेटला नुसती साखळी अडकवलेली होती. कुलूप नाही! आदल्या संध्याकाळी ज्या चावीचे १५० डॉलर मोजले, त्या चावीचं गेट मी हाताने उघडलं, परत लावलं, आणि गाडीत येऊन बसलो. तो म्हणाला, चावी पुढच्या गेटची. मी 'ओके' म्हणालो. आजही रात्री जाग आली की ती थंडगार साखळी हातात असते.

आणखी आहे. गेटजवळच्या खांबावर लहानसा त्रिकोणी शिक्का होता, बीएलएमचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा. हे मला ठाऊक आहे कारण त्याच खांबापाशी मी ५ वाजून १० मिनिटांनी सेल्फी काढलाय. शिवाय फोनवरच्या नकाशात आम्ही उभे होतो ती जागा पिवळी. इकडच्या नकाशांत बीएलएम पिवळं, नॅशनल फॉरेस्ट हिरवं, खाजगी पांढरं, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, 'ॲपचा डेटा जुना आहे, आजोबांनी सरकारशी जमीन बदलून घेतली. आणि ही गुरं कोणाची वाटतात तुला?' समोर खरंच गुरं चरत होती. मी गप्प.

आता हे डोक्यात पक्कं ठेवा. बीएलएमच्या जमिनीवर रँचवाल्यांना चराईचा परवाना मिळतो. त्याने गवत मिळतं, जमीन मिळत नाही. सार्वजनिक वाट असेल तर शिकारी येणार, त्यांना तो अडवू शकत नाही, आणि फी तर मुळीच घेऊ शकत नाही. माझा गाइड तर रँचवालाही नव्हता. आपल्या गावच्या गायरानात कुणाची तरी म्हैस दाखवून कुणी पावती फाडावी, तसा हा प्रकार. कोलोरॅडोत असं गायरान सुमारे ८३ लाख एकर आहे आणि त्यातल्या एका तुकड्याची 'एन्ट्री फी' भरणारा मीच.

दहा वाजता 'दुसऱ्या क्लायंटला घेऊन येतो' म्हणून तो गेला, तो गेलाच. फोन बंद. माझी गाडी चौदा मैलांवर गॅस स्टेशनवर. दुपारी एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी खालून चढत आली. मी कुठल्या रँचवर आलोय हे सांगितल्यावर म्हातारा थांबला. 'रँच? आम्ही नऊ वर्षं येतोय इथे. फुकट.' शिकाऱ्याला सक्तीचं ५०० चौरस इंच झगमगीत नारंगी कापड अंगावर घालून मी तिथे उभा होतो, लपायचीही सोय नाही. त्यांनीच मला गाडीपर्यंत सोडलं. वाटेत मुलगी एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

तरी दोन दिवस मोटेलमध्ये त्याच्या फोनची वाट बघत बसलो. त्याला काही अपघात झाला असेल तर? हसा. सोमवारी घरी आलो तर वसुबारस, बायको गाय-वासरापुढे दिवा लावत होती. मला त्या दिवशी गाय बघवत नव्हती. टॅग वाया गेला, पॉइंट शून्यावर आले, ते वेगळंच.

मग तक्रारींचा फेरा. शेरीफच्या ऑफिसात: हा दिवाणी मामला, वकील गाठा. वकिलाची फी ऐकून फोन ठेवला. जमिनीच्या ऑफिसात: आम्ही जमीन बघतो, तुमचे पैसे नाही. अहो, पण सरकारी जमिनीवर धंदा करणाऱ्या गाइडला तुमचाच परवाना लागतो ना? 'लागतो. त्याच्याकडे होता का?' हे मला विचारतायत! नोंदणीवाल्या ऑफिसला चौदा पानं पाठवली. सात आठवड्यांनी उत्तर आलं की या नावाचा कोणीही आमच्या नोंदीत नाही. तेच तर मी लिहिलं होतं! बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. मग कोणाच्या बसते? केंद्राच्या वेबसाइटवरही तक्रार टाकली, एक लांबलचक नंबर आला. तो नंबर मी जपून ठेवलाय, मिळालेली वस्तू तेवढी एकच.

फोनवरून थेट खात्यात पैसे मागणाऱ्या गाइडला एक सेंट देऊ नका. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर तिथेच राम राम. रँच आहे म्हणाला तर काउंटीच्या जमीन नोंदीत मालकाचं नाव बघा, बहुतेक काउंट्यांत ते घरबसल्या दिसतं. आणि एच-वन-बीवाल्यांनो, 'लायसन्सचं मी बघतो' म्हणणाऱ्यापासून तर दहा हात लांब राहा. तुमच्या हातातली रायफल कायद्यात बसते ती वैध हंटिंग लायसन्समुळेच. ते बोगस निघालं तर प्रश्न पैशांचा राहत नाही. माझ्या टीममधला एक मुलगा याच माणसाशी बोलत होता, म्हणून तर लाज बाजूला ठेवून लिहितोय.

परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, भिंतीवरची शिंगं तीच. प्रवेश फी आता १,४०० झाली आहे.