शेततळ्यात काय सोडायचं: जिरे की बोटुकली?

नोकरी मुंबईत आणि कर्जत, मुरबाड, वाडा किंवा शहापूरकडे वडिलोपार्जित जमीन, अशी घरं मुंबईत कमी नाहीत. तिथे शेततळं खणून झालं की पुढचा प्रश्न कटला, रोहू, मृगळ या माशांचा. बी तीन अवस्थांत मिळतं. अंड्यातून बाहेर येऊन तीनेक दिवस झालेले, पोटाखालची अन्नपिशवी नुकती संपलेले 6 ते 8 मिलिमीटरचे मत्स्यजिरे, इंचभराचं मत्स्यबीज, आणि तीन-चार इंचांची बोटुकली. जिरे लाखाच्या हिशोबाने विकले जातात, बोटुकली नगावर. एका माशामागे भाव काढला तर जिरे जवळजवळ फुकट वाटतात, आणि शनिवार-रविवारचे मत्स्यशेतकरी नेमके तिथेच भुलतात.

आधी गणित करू. 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे 900 चौरस मीटर, साधारण नऊ गुंठे. खाण्याजोगा मासा तयार करायचा तर हेक्टरी 5,000 ते 10,000 बोटुकली सोडतात. म्हणजे तुमच्या तळ्याला 450 ते 900 पुरे. जिऱ्यांचं प्रमाण वेगळंच: संगोपनाच्या एका गुंठ्यात 30 ते 50 हजार. त्यांतले 30 ते 50 टक्के जगून इंचभर होतात, आणि त्यांतले 60-70 टक्के पुढे बोटुकली होतात. 40,000 जिऱ्यांतून, नीट काळजी घेतली तर, कमी आकडे धरूनही सात हजारांवर बोटुकली निघतात. शिवाय मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी त्यांना चार-सहा गुंठे वेगळं पाणी लागतं. तुम्हाला हवीत सात-आठशे. बाकीची कोण घेणार, हे आधी ठरलेलं नसेल तर जिऱ्यांचा विषय तिथेच संपवावा.

गिऱ्हाईक असेल, तर मात्र जिऱ्यांचे पंधरा-वीस दिवस काय असतात ते नीट समजून घ्या. तळं उन्हाळ्यात कोरडं करायचं. गुंठ्याला दोन-तीन किलो चुना. पाणी उपसता येत नसेल आणि जुने मासे उरले असतील तर मीटरभर खोलीला गुंठ्यामागे 25 किलो मोहाची पेंड. तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे जातात, मग तीच खत होते. पेंड वापरली तर शेण निम्मं, गुंठ्याला 50 किलोच्या आसपास. एवढं झालं की पाण्यात सूक्ष्म जीव धरतात. जिऱ्याचं पहिलं अन्न तेच. ते किती आहेत हे पाहायला 50 लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळायचं, उरलेलं काचनळीत घालून चिमूटभर मीठ टाकायचं आणि तळाशी काय बसतं ते बघायचं. एक-दोन मिलिलिटर साका बसला तर पाणी तयार. नाही बसला तर जिरे आणायची घाई करू नका, वाहतुकीच्या पिशवीतून सुटून ते उपाशी मरतील.

दुसरा शत्रू पाणकिडे. पाठीवर पोहणारे, चिमट्याचे, शिवाय चतुराच्या अळ्या. शेण घातलेल्या पाण्यात ते आठवडाभरात भरतात, आणि 7 मिलिमीटरचं पिल्लू त्यांच्यापुढे काहीच नाही. उपाय जुना आहे: गुंठ्याला साधारण 180 ग्रॅम साबण आणि 560 ग्रॅम खाद्यतेल घोटून, वारा पडलेला असताना पाण्यावर पसरायचं. श्वासासाठी वर येणाऱ्या किड्यांना तवंगामुळे हवा मिळत नाही. जिरे त्यानंतर 12 ते 24 तासांनी सोडायचे. तवंगाला वारा आणि पाऊस दोन्ही चालत नाहीत, आणि कोकणपट्ट्यात जुलैमध्ये पाऊस थांबलाय असा दिवस शोधावा लागतो. खरी अडचण इथे आहे. त्यावर रोजचं खाद्य: शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, लाखभर जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज 600 ग्रॅम, पुढे दुप्पट. हे काम कर्जत लोकल पकडून रविवारी होणारं नाही. तळ्यावर रोज पहाटे माणूस हवा, आणि तो पगारी असला तरी त्याला पाण्याचा रंग कळायला हवा.

बोटुकलीचं काम त्यामानाने सरळ. ती पाणकिड्यांना पुरून उरते. तिला भीती बगळ्याची, पाणकावळ्याची आणि पाणसापाची. शिवाय काय घेतोय ते डोळ्यांना दिसतं. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, रोहूचे ओठ झालरीसारखे, मृगळ सडपातळ. जिऱ्यांत हा फरक कळत नाही, विकणारा म्हणेल ते खरं. एकाच कुंडात दोन-तीन जातींचं प्रजनन केलं की संकर होतात, आणि तो घोटाळा तुमच्या लक्षात सहा महिन्यांनी येतो.

बोटुकलीची खरी परीक्षा प्रवासात होते. मोठी पिल्लं प्राणवायू जास्त खातात, म्हणून एका पिशवीत कमी मावतात आणि वाहतुकीचा नगामागचा खर्च चढतो. भरण्याआधी त्यांना दिवसभर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवलं होतं का, हे मत्स्यबीज केंद्रावर आवर्जून विचारा. पोट रिकामं असेल तर पिशवीतलं पाणी घाण होत नाही. ‘आत्ताच जाळं टाकून काढून देतो’ असं म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नये. तळ्यावर पोचल्यावर पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि मासे आपले आपण बाहेर पडू द्यायचे. ओतायचे नाहीत.

मधला रस्ता म्हणजे इंचभराचं बीज आणून त्याच तळ्यात हापा बांधून महिना-दोन महिने वाढवणं. पैसे वाचतात. पण जाळीची भोकं शेवाळाने बुजतात, ती घासावी लागतात, आणि आपल्याकडचे खेकडे हापा कातरतात. एकदा फाटला की हिशोब संपला. मला हा पर्याय फक्त तळ्याशेजारी घर असणाऱ्यांसाठी बरा वाटतो.

आता जिऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. अस्तर न लावलेली आपल्याकडची बरीच तळी जानेवारी-फेब्रुवारीत आटतात. किलोभराचा रोहू व्हायला आठ-दहा महिने पाणी लागतं, त्यामुळे अशा तळ्याला लोक निकामी समजतात. पण पिल्लं वाढवायला पावसाळ्यातले तीन-चार महिने पुरतात, आणि उन्हाळ्यात तळ कोरडा पडला की शत्रू मासे आणि किडे आपोआप मरतात, मोहाची पेंड वाचते. आटणारं तळं, गावात राहणारा भाऊ आणि आसपास दहा-बारा शेततळीवाले असतील, तर बोटुकली विकण्याचा धंदा मासा विकण्यापेक्षा मला जास्त पटतो. मासा विकायला गेलात तर मुंबईच्या बाजारात आंध्रहून बर्फात आलेल्या रोहू-कटल्याशी गाठ आहे, आणि आपलं गिऱ्हाईक मुळात बांगडा-सुरमईचं.

प्लॅस्टिक अस्तराचं तळं असेल तर जिरे नकोतच. चिखल नसल्याने पाणी पिकायला, म्हणजे त्यात सूक्ष्म जीव धरायला, वेळ लागतो. (आणि उतारावर दोर बांधून ठेवा. ओलं प्लॅस्टिक चढून वर येता येत नाही, पोहणाऱ्यालाही.)

स्वतःची हॅचरी, म्हणजे अंड्यांतून जिरे काढायचं केंद्र, घालावी का, असंही विचारतात. 1957 च्या जुलैत हिरालाल चौधुरींनी ओडिशात पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज नदीतलं मिसळलेलं बी गोळा करत बसावं लागत नाही. पण गोल चायनीज हॅचरीत अंडी फुटून जिरे विकण्याजोगे होईपर्यंत पाणी सतत फिरतं राहावं लागतं. रात्री वीज गेली आणि उंचावरची टाकी रिकामी असली तर घाणा गेला. एका तळ्यासाठी हा उद्योग नको.

तेव्हा एकच तळं, पाणी आठ-दहा महिने टिकणारं आणि राहणं मुंबईत, असं असेल तर बोटुकलीच घ्या. मुसळधार ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, सांडव्याला जाळी बसवून. स्वस्तात ‘मांगूर’ देतो म्हणणारा भेटला तर आधी जात विचारा. आफ्रिकन, म्हणजे ज्याला थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि सापडला तर तळ्यातला सगळा साठा नष्ट करायला लावतात.