रावपुऱ्यातल्या पेटंट एजंट मॅडम: आमच्या सोड्याच्या टाकीचा अनुभव

दांडिया बाजारात आमचं जिरा सोडा आणि कोकमचं दुकान आहे, लग्नसराईत काउंटरही लावतो. बडोद्याच्या मे महिन्यात टाकी तापली की नळ उघडताच अर्धा ग्लास फेस येतो आणि तळाचा सोडा पाणचट लागतो. भाऊजींचं मकरपुरा जीआयडीसीत स्टीलचं फॅब्रिकेशन आहे. त्यांनी यावर नळासकट नवी टाकी बनवली आणि घरात पेटंटचा विषय निघाला.

आधी एका सल्लागाराकडे गेलो होतो. "पेटंट मिळवून देतो, तोवर प्रदर्शनात मांडा, गिऱ्हाईक तयार होईल," असं तो म्हणाला. मग रावपुऱ्यातल्या या पेटंट एजंट मॅडमकडे गेलो. त्यांनी हे ऐकून लगेच विचारलं, "मांडली तर नाही ना?" नशीब, नव्हती मांडली. अर्जाआधी चारचौघांत दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत आणि पेटंट तिथेच अडतं. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला एवढंही माहीत नसावं, याचा मला अजून राग येतो.

मॅडमनी टेबलावर जुना पेपर पसरला आणि भाऊजींना नळ खोलायला लावला. वायसर, स्प्रिंग, दट्ट्या, आतली नळी. एकेक भाग हातात घेऊन विचारायच्या, "हे बाजारात मिळतं? मग इथं वेगळं काय करतं?" नेहमीचंच काम करणारा भाग डावीकडे जायचा. शेवटी उजवीकडे बोटभर लांबीचा एकच तुकडा उरला. भाऊजींचा चेहरा पडला, त्यांना अख्ख्या टाकीचं पेटंट हवं होतं. पण स्प्रिंगनं मिटणारी झडप फ्रान्सच्या 1837च्या पेटंटमध्येच आहे. आपल्या गोटी सोड्याची बाटलीसुद्धा इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी 1872 मध्ये पेटंट केलेली. ओळखीची साधनं नुसती एकत्र बसवली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर आपल्या कायद्याचं कलम 3(एफ) त्याला शोध मानत नाही. म्हणून सगळा भर त्या तुकड्यावर आणि तो फेस कसा आवरतो यावर दिला. तो कसा आहे ते इथे लिहीत नाही.

गुजरातचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, ऑनलाइन. व्यक्तीच्या नावावर अर्जाची सरकारी फी 1600 रुपये, परीक्षणाच्या विनंतीची 4000. मॅडमची फी वेगळी आणि मला ती रास्त वाटली. आकृत्या काढणाऱ्याचा खर्च मात्र नंतर कळला, तो पहिल्याच भेटीत सांगायला हवा होता. फोनही पटकन उचलत नाहीत.

आधी तात्पुरता अर्ज टाकला, मग उन्हाळाभर टाकी दुकानात चालवून मापं सुधारली आणि पूर्ण मसुदा 12 महिन्यांच्या आत दिला. पेटंट कार्यालय टाकी दाब सोसते का हे तपासत नाही, हेही त्यांनी बजावलं. भाऊजींनी पाणी भरून दाबाची चाचणी केल्यावरच ती दुकानात आणली.

आता परीक्षण अहवालाची वाट पाहतोय. त्यावर उत्तर द्यायला 6 महिने मिळतात, ते कामही मॅडमकडेच देणार आहोत.