जुन्या एमएक्स-५ ला रोल बार आणि बकेट सीट: सोलापुरात वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. रोल बार (सीटमागे उभी केलेली लोखंडी नळीची कमान) आणि सीट ही दोन वेगळी कामं धरून कुणी करणार असेल तर बारही बसवू नका. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही आणि बार येतो नेमका डोक्याच्या मागे. गाडी उलटली तर जीव वाचवणारी हीच नळी, मागून टेम्पोने ठोकलं तर कवटीला लागू शकते. तिच्यापासून डोकं लांब ठेवण्याचं काम सीटचं आहे. पावसाळा संपता संपता हे काम करून घेतलं. त्यानंतर ऊसाचा हंगाम, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली गर्दी आणि अख्खा उन्हाळा गाडी रोज नाही तरी नेमाने वापरली, म्हणून आता लिहायला बसले.

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली. भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. आमची काकांनी इंग्लंडमधली नोकरी संपवून परतताना सोबत आणलेली, उजव्या स्टिअरिंगची. वजन जेमतेम एक टन, सीटा दोन, टप कापडी, एअरबॅग नाही. टप बंद असला तरी वर असतं फक्त कापड आणि पातळ कमानी. पुढच्या काचेच्या चौकटीवर अख्ख्या गाडीचा भार पडला तर ती तग धरेल असं समजू नये. अमेरिकेत छप्पर किती दाब सोसतं याची सक्तीची चाचणी आहे, एफएमव्हीएसएस २१६. ती कन्व्हर्टिबलला लागूच होत नाही, कारण तपासायला छप्परच नाही.

सोलापुरात एवढं कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ऊसाच्या दिवसांत रात्री मंगळवेढ्याकडून येऊन बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) लोंबत असल्यामुळे ट्रॉली कुठे संपते तेही कळत नाही. त्याला चुकवायला चाक डांबराखाली उतरलं की साइडपट्टी वीतभर खोल. बुटकी गाडीसुद्धा अशीच कलंडते. आणि चुकवायला जागा नसेल तर करकचून ब्रेक, म्हणजे मागच्याच्या ब्रेकवर आपला भरवसा. दोन्ही धोके एकाच रस्त्यावर, कधी कधी एकाच मिनिटात असतात. म्हणून नुसत्या उलटण्याचा विचार करून चालत नाही.

बारबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बाजारात दिसायला सारख्याच दोन गोष्टी मिळतात. एक शोभेचा, चकचकीत स्टेनलेसचा, पातळ पत्र्यावर दोन बोल्टांनी उभा केलेला. तो फोटोपुरता. दुसरा खरा. इथल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने गेटची ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण जोडलेली) नळी दाखवून, ‘ताई, उद्या संध्याकाळी घेऊन जा’ म्हटलं. माणूस भला, वेल्डिंगही स्वच्छ. पण सायलेन्सर वाकवायच्या यंत्रावर वाकवलेली नळी बाकाच्या आतल्या बाजूला चेपते आणि भार आला की तिथेच मोडते. रेसिंगचे एफआयएचे (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियम मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड, कार्बन स्टील मागतात, किमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची नळी, नाहीतर ५० मिमी आणि २ मिमी. बाक नळीच्या व्यासाच्या तिप्पट त्रिज्येपेक्षा कमी नको. आमची गाडी काही शर्यतीला जाणार नाही, पण मोजमाप म्हणून मी हेच आकडे धरले आणि नळी पुण्याहून मॅन्ड्रेल यंत्रावर, म्हणजे आतून आधार देऊन न चेपता, वाकवून आणली.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचा तो पाय. कमान कितीही भक्कम असली तरी ती जुन्या गाडीच्या पातळ पत्र्यावर उभी केली तर उलटल्यावर पत्रा फाडून खाली घुसणार. म्हणून प्रत्येक पायाखाली, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने, किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, आणि तीन एम८ बोल्ट, डोक्यावर ८.८ ही मजबुतीची प्रत छापलेले. साध्या हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टवर तो आकडा नसतो. बोल्ट हातात घेऊन वाचल्याशिवाय लावू देऊ नका. मागे जाणारे दोन आधार आणि कमानीत एक तिरकी नळी हवीच, तिरकीचं वरचं टोक चालकाच्या बाजूला. तिरकी नसली की एका कोपऱ्यावर भार येताच चौकोनाचा समांतरभुज होतो. या गाडीत पेट्रोलची टाकी सीटमागच्या पत्र्याच्या लगेच पलीकडे आहे. ड्रिल मारण्याआधी टाकी रिकामी करून काढून ठेवायला लावली. त्यात दिवस गेला, पण त्यावर तडजोड नाही.

आता सीट. मूळ सीट आरामाची, पण तिची पाठ मागे झुकते. मागून जोरात धक्का बसला की पाठ आणखी मागे लवते, माणूस तिच्यावरून वर सरकतो आणि डोकं जातं थेट नळीकडे. बार नसताना हा धोका मागच्या मोकळ्या जागेवर निभावत होता. बार आल्यावर ती जागा संपली. म्हणून चालकाच्या बाजूला न झुकणारी, एका तुकड्यातल्या कवचाची बकेट सीट घेतली. लेबलवर एफआयए ८८५५-१९९९ आणि तयार झाल्याची तारीख असलेली. या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं असते, त्यामुळे जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून तारीख न बघता घेऊ नये. ॲक्सेसरीच्या दुकानात ‘स्पोर्ट्स सीट’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर फोम आणि रेक्झिन असतं.

खरी गोम पट्ट्यात आहे. मी मूळचा तीन टोकांचाच पट्टा ठेवला. चार टोकांचा हार्नेस बघायला भारी वाटतो. पण तो अंग सीटला जखडतो, डोकं मात्र मोकळं. शर्यतीत त्यासाठी हेल्मेटसोबत मान धरणारं हान्स असतं, रस्त्यावर ते कोण घालणार? शिवाय मांड्यांमधला पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून निसटतो. आसरा चौकात वळताना मान वळवून मागची दुचाकी बघायची असते, तीही हार्नेसमध्ये नीट दिसत नाही.

पण तीन टोकांचा पट्टा प्रत्येक बकेट सीटला जमत नाही. माझ्या मनात भरलेली पहिली सीट केवळ यासाठी सोडली. तिच्या मांडीच्या कडा इतक्या उंच होत्या की कमरेचा पट्टा कडेवरून कडेवर ताणला जाई आणि खाली पोटावर पोकळ राही. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट टेकला पाहिजे. पोटावर असेल तर धडकेत तोच आतड्यांत रुततो. सीट घेताना ती दुकानात जमिनीवर ठेवून बघण्यात अर्थ नाही, गाडीत ठेवून पट्टा लावून बघा. अंगठा पट्ट्याखाली घालून हाड लागतं का ते चाचपा.

उंचीचा हिशोब आमच्याकडे जरा किचकट होता. मी पाच फूट तीन, नवरा सहा फूट. कमानीच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी ठेवायची आणि डोकं तिच्या किमान पाच सेंटिमीटर खाली राहायला हवं. आम्ही गवंड्याकडची ॲल्युमिनियमची लांब पट्टी आणली. माझं डोकं आरामात खाली. नवऱ्याचे केस पट्टीला घासत होते. एमएक्स-५ चे उंच मालक जगभर मूळ सीटमधला फोम कापून बसतात. तो उपाय मला पटत नाही, कारण खालच्या पत्र्यावरच बसल्यासारखं होतं आणि खड्ड्यात मणक्याखाली काहीच उरत नाही. बकेटचं कवच मुळातच खोल, शिवाय ती खाली बसवणारे कंस मिळतात. स्लायडर ठेवूनही तो पट्टीखाली गेला. सीट पूर्ण मागे असतानाही त्याचं डोकं आणि नळी यांच्यात वीतभर अंतर राहतं, आणि मध्ये सीटच्या कवचाचा माथा येतो. तो माथा त्याच्या डोक्यामागे पुरेसा उंच आहे, हे आम्ही पट्टीनेच तपासलं.

हेडरेस्ट आणि डोकं यांच्यातली फट कमीत कमी हवी. अमेरिकन नियमात ती ५५ मिमीच्या वर चालत नाही, म्हणजे साधारण तीन बोटं. बायकांसाठी मुद्दाम लिहिते: या सीटवर केसांना क्लचर लावून बसू नका. तो डोकं पुढे ढकलतो, फट वाढवतो, आणि धडकेत कडक प्लास्टिक कवटीवर दाबलं जातं. मी आता वेणी घालते किंवा केस मानेखाली बांधते.

नळीवरचं पॅडिंग एसएफआय ४५.१ या रेसिंगच्या सुरक्षा मानकाचं आहे. अंगठ्याने दाबलं तर लाकूड दाबल्यासारखं लागतं, अंगठा आत जातच नाही. पहिल्यांदा हात लावणारा प्रत्येक जण म्हणतो, हे काय कामाचं? एसीच्या पाईपवर चढवतात तो काळा स्पंज हाताला छान लागतो, पण डोक्याच्या वेगाला तो क्षणात चपटा होतो आणि मागे उरतं ते लोखंड. तरी हे कडक पॅडही मुळात हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. म्हणून माझ्या लेखी ते शेवटचा अडसर, वीतभर अंतराला पर्याय नव्हे.

रोजच्या वापरात काय जाणवलं? मागच्या आरशात तिरकी नळी दिसते, आठवड्याभरात डोळे सरावतात. टप उघडताना मागची प्लास्टिकची खिडकी आधी चेनने सोडावी लागते. तिथे आता बाराआडून हात घालावा लागतो, त्यामुळे सिग्नलला थांबून झटकन टप पाडायचे दिवस गेले. विजापूर रोडच्या खड्ड्यांत सुरुवातीला मागून टक्‌टक् यायचं. बोल्ट पुन्हा टॉर्कला कसून घेतल्यावर थांबलं. बसवल्यानंतर काही आठवड्यांनी हे सगळ्यांनीच करावं. एप्रिल-मेच्या उन्हात पॅडिंगच्या प्लास्टिक टाय वाळून तडकल्या, आता उन्हात टिकणाऱ्या काळ्या लावल्यात. बकेटच्या काळ्या कापडावर दुपारी बसवत नाही, तिथे आपला सोलापुरी टॉवेल; मात्र तो फक्त बैठकीवर, पाठीमागे जाड घडी ठेवली की पट्टा सैल पडतो. लांबच्या प्रवासात, म्हणजे पंढरपूरच्या पुढे, मूळ सीटचा आराम आठवतो. तेवढी किंमत मला मान्य आहे.

कागदपत्रांचं काम टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. बार वेल्ड न करता बोल्टने लावला म्हणून तो आपोआप नियमात बसत नाही. मी आरटीओत आधी विचारलं, विमा कंपनीला लेखी कळवलं, बिलं आणि फोटो फाईलला लावले. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा ही फाईल लागेलच.

डाव्या सीटचं काम अजून बाकी आहे. तिथे मूळचीच सीट आहे, पाठ सरळ उभी करून आणि पुढे ओढून ठेवलेली. बसणाऱ्याला गुडघे जवळ घ्यावे लागतात, पण डोकं नळीपासून लांब राहतं. झोप आली तरी पाठ मागे पाडायची नाही, असं मी प्रत्येकाला निघण्याआधी सांगते. लहान मुलांना या गाडीत मी बसवत नाही. दुसरी बकेट दिवाळीआधी येईल. तोवर डावीकडे कुणी सहा फुटी असेल तर आम्ही दुसरी गाडी काढतो.