अश्वगंधा की शिलाजीत? पन्नाशीतल्या पुरुषाने काय घ्यावं

पन्नाशीतल्या मित्रांच्या गप्पांत दोन तक्रारी हमखास निघतात. पहिली मोठ्यानं: कंबर धरते, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात. दुसरी आवाज खाली करून: "पूर्वीसारखं राहिलं नाही रे." आणि दोन्हींवर मिळून एकच प्रश्न, अश्वगंधा घेऊ की शिलाजीत?

या दोन तक्रारी जोडीनं आल्याचं आयुर्वेदाला नवल नाही. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंच्या, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांच्या, ओळीत हाडं पाचवी आणि शुक्र (वीर्य) सातवं. मागचा धातू पोसला तर पुढचा पोसतो. आधुनिक वैद्यक वेगळ्या वाटेनं जवळ येतं: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक फार घटलं की इच्छा मंदावते आणि हाडंही विरळ होतात. पण म्हणून शुक्र म्हणजे टेस्टोस्टेरॉन, असं समीकरण मांडणाऱ्या जाहिरातवाल्याच्या नादी लागू नका.

आधी अश्वगंधा. डबा उघडला की नावाचा अर्थ कळतो, घोड्याच्या अंगाचा वास. वैद्य साधारण 3 ते 6 ग्रॅम चूर्ण दुधातून देतात. ज्याची झोप उडालीय, डोक्यात सतत कचेरी चालू असते आणि त्यापायी शयनगृहातलं सगळं बिनसलंय, त्याच्यासाठी माझं मत हिच्या बाजूनं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात व्यायाम करणाऱ्या 57 तरुणांपैकी अर्क घेणाऱ्यांची ताकद आणि टेस्टोस्टेरॉन, दोन्ही 8 आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढलं. मात्र ते तरुण होते, वजनं उचलत होते आणि घेत होते अर्क, साधं चूर्ण नव्हे. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताची काही तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अश्वगंधेनं कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत.

शिलाजीतचं प्रकरण जास्त रंगतदार. चरकांनी त्याला रसायनात, म्हणजे शरीराला नवी ताकद देणाऱ्या औषधांत, बसवलं, गोमूत्राचा वास ही त्याची खूण सांगितली आणि ते घेताना कुळीथ पूर्ण वर्ज्य केले, कारण कुळीथ दगड फोडतात आणि शिलाजीत दगडातून झरतं. म्हणजे कोकणातल्या माणसानं शिलाजीत सुरू करायचं तर पिठल्यावर पाणी सोडायचं! 45 ते 55 वयाच्या पुरुषांना शुद्ध शिलाजीत 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं 90 दिवस दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढल्याचा एक अभ्यास आहे. हाडांवरचाही आहे, त्यात 48 आठवड्यांत हाडांची घनता घटण्याला आळा बसला. फक्त तो झाला पाळी गेलेल्या बायकांवर, आणि डबीवर ही गोष्ट कोणी छापत नाही. शिवाय हा माल महाग, भेसळ भरपूर, आणि कच्चं शिलाजीत तर घेऊच नये. त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध केलेलंच हवं. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर आधी वैद्यांना सांगा.

तिसरं नाव कवचबीज, म्हणजे आपली रानातली खाजकुहिली. मूल हवंय आणि शुक्रजंतू कमी आहेत, अशांना वैद्य हे देतात. बी दुधात उकळून, साल काढून मगच चूर्ण करतात. यात एल-डोपा असतं, तेच जे कंपवाताच्या गोळीत असतं, त्यामुळे ती गोळी चालू असलेल्यानं मनानं घेऊ नये.

हाडांपुरतं विचाराल तर मी तिन्हींवर पैसे घालणार नाही. एक तर विरळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही. कुरकुरणारे गुडघे ही बहुतेकदा सांध्याची झीज असते, तिचा इलाज निराळा. हाडांसाठी रोज नाचणीची भाकरी (100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), तिळाची चटणी, ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं. तंबाखू सुटली तर हाडांइतकाच दुसऱ्या तक्रारीलाही फायदा. घरचा वैद्य हाडांसाठी कांडवेल ही वेल सुचवेल. ती कच्ची तोंडाला लागली तर घसा असा खाजतो की विचारू नका.

आणि हे चौथं घेऊच नका: "अर्ध्या तासात फरक" देणारी आयुर्वेदिक कॅप्सूल. जडीबुटी अर्ध्या तासात काम करत नाही. अशा कॅप्सुलांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्यानं जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. 1954 च्या कायद्यानं अशा जाहिरातींना बंदी आहे, तरी मोबाईलवर रोज दिसतात.

मित्राला मी सांगितलं ते असं. खरेदीआधी सकाळी रिकाम्या पोटी रक्त दे: साखर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन, ड जीवनसत्त्व. ताठरता कमी होणं ही कधी मधुमेहाची, कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पहिली चाहूल असते, तिथे शिलाजीत चाटत बसण्यात वेळ जातो. रिपोर्ट ठीक आले आणि झोपेचीच बोंब असेल, तर वैद्यांना दाखवून तीन महिने अश्वगंधा. तो म्हणाला, बरं झालं, कुळथाचं पिठलं सोडावं लागणार नाही.